आमच्या विहिरीचं पाणी औरंगाबादला गेलं

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आबांनी एकदा जाहीर करून टाकलं, की माही पोरगी पाण्याची डाक्टर होऊन राहिली, आणि त्या दिवसापासून माझ्यामागं जे शुक्लकाष्ठ लागलं ते लागलंच. सुट्टीत घरी गेले की दोन-तीन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला ओट्यावर येऊन बसायच्या. मी म्हणायचे, मावशी, मी औषधाची डॉक्टर नाही. त्या म्हणायच्या, राहू दे बाई, नुसता हात तर लाव. आबांचा तरी काय दोष? सिव्हिलची डिग्री हातात आली, आता पोरगी नोकरीला लागणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आणि मी म्हणे पर्यावरण अभियांत्रिकीचं पुढचं शिक्षण घ्यायला पुन्हा औरंगाबादला निघालेली. ते काय असतं हे मला तरी तेव्हा कुठं धड सांगता येत होतं! कोणी विचारायचं, झाडं लावायला शिकवतात का; कोणी विचारायचं, त्याला इतकं कशाला शिकावं लागतं. आबा गवंडी माणूस. पाणी चांगलं की वाईट ते बघायचं, वाईट असलं तर चांगलं करायचं, एवढं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि त्यांच्या परीनं त्याचं नाव ठेवलं. पुढं सबंध नोकरी पाणीपुरवठ्यात काढली, लांबलचक हुद्द्यांच्या पाट्या दारावर लागल्या, पण आबांनी ठेवलेल्या नावाइतकं नेमकं त्यांतलं एकही नव्हतं.

आमचं गाव औंढ्याहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. गाव चढावर, आमची बौद्ध वस्ती उतारावर, आणि उताराच्या पायथ्याला वस्तीची विहीर. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि आबांनी घोटून घोटून केलेला ओटा. त्या ओट्यावर भाकरी ठेवून खावी इतका तो गुळगुळीत होता. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. ती उजाडताच दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. संध्याकाळी आबा कामावरून आले की पहिल्यांदा थापी धुवायचे, मग पाय. आणि दिवसभर विहिरीवरच्या रहाटाची कुईकुई चाललेली. त्याला तेल घाला म्हणून कोणी म्हटलं की माझी गयाआत्या म्हणायची, राहू द्या, कोण पाणी भरून राहिलं ते घरात बसून कळतं. आणि तिला खरंच कळायचं, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. येसराची आमटी उकळत असायची, आत्या चुलीपुढं बसून रहाटाचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, शांता आली बघ, उगं घाई करून राहिली.

गयाआत्या आबांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली ती फार लवकर पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली आणि मग आमच्याच घरची झाली. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिची एक गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत होती. ती पोर होती तेव्हा वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर उन्हात उभं राहायचं. पुढं वस्तीनं ठरवलं की आपली विहीर आपण खांदायची. दिवसा दुसऱ्याच्या कामावर, आणि कामावरून आलं की विहिरीवर. काळी माती गेली, मुरूम गेला, खडक लागला. आबा तेव्हा मिसरूड न फुटलेले. सुरुंगाची भोकं घ्यायला खाली उतरायचे. आत्या दगडांच्या पाट्या वर वाहायची. पाणी लागलं त्या दिवशी आत्या म्हणाली, आता माहा पाय त्या गावच्या हिरीवर पडणार न्हाई. आणि पडला नाही. एका दुष्काळात आमची विहीर तळाला गेली, बाकीच्या बाया निमूट गावच्या विहिरीवर गेल्या. काळ बदलला होता, आता तिथं कोणी अडवत नव्हतं. तर ही बाई ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत बसली. हट्टी म्हणाल तर हट्टी. मी तिच्यावर गेलेय असं आई म्हणायची, ते काही कौतुकानं नव्हे.

आता संडासाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आबा एकदा मला भेटायला हॉस्टेलवर आले होते. तिथली सोय त्यांनी नीट फिरून बघितली, बोलले काहीच नाहीत. मी पुढच्या सुट्टीत घरी गेले तर घराच्या मागं संडास उभा. बाहेरून गिलावा, आतून घोटाई, वर सिमेंटची कमळाची नक्षी. आबांनी हयातीत बांधलेलं सगळ्यात देखणं काम तेच असावं. लोक बघायला आले. "पोरीला तिकडची सवय लागली, तिला आता वावरात जायाला लावू का?" एवढंच ते म्हणाले. मला रडू आलं आणि हसूही आलं, कारण मावश्या एकेक करून आत जाऊन नक्षीला हात लावून बाहेर येत होत्या. मग शेजाऱ्यांनी बांधून मागितले. वर्षाभरात विहिरीच्या वरच्या अंगाला सगळ्या घरांमागं आबांच्या हातचे संडास उभे राहिले. तालुक्यात आमची वस्ती पुढारलेली म्हणून नाव झालं. आबा त्या रांगेकडं असे बघायचे की जणू कोणी मोठं धरण बांधलंय.

माझ्या प्रबंधासाठी पावसाळाभर एखाद्या विहिरीचं पाणी तपासायचं होतं. मी आमचीच घेतली. दुसरी कशाला घेईन? पहिली बाटली मी स्वतः भरून नेली आणि तिचा निकाल वाईट आला. पाण्यात जे जंतू असूच नयेत ते होते. सर म्हणाले, घाई करू नकोस, दर आठवड्याला एक नमुना घे, मग बोलू. दर आठवड्याला गावी कोण जाणार? पण आमच्याकडं त्याची सोय होती. आमच्या भागातली हॉस्टेलवरची पोरं एसटीनं येणाऱ्या डब्यावर जगायची. सकाळी फाट्यावर घरचा माणूस कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा, दुपारी आपण स्टँडवर जाऊन घ्यायचा. माझ्या डब्यात धपाटे, कारळाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. त्यात आता बर्फ घातलेला थर्मास आणि थर्मासात बाटली आली. बाटल्या मी प्रयोगशाळेत निर्जंतुक करून कागदात गुंडाळून घरी ठेवून आले होते. भरायचं काम आत्याकडं दिलं. बुडाला दगड बांधून बाटली कशी सोडायची, तोंडाला बोट कसं लागू द्यायचं नाही, सगळं शिकवलं. तिनं दोनदा करूनही दाखवलं. आत्याइतकी स्वच्छ बाई वस्तीत नव्हती, म्हणून मी निर्धास्त.

त्यानंतरच्या बाटल्या काय सांगू! एकीतही जंतू नाही. पावसानं ओढे लाल झाले, गावोगाव हगवण सुरू झाली, आणि आमच्या विहिरीचं पाणी आपलं काचेसारखं. मी खूश. पहिल्या वेळी माझाच हात कुठं तरी लागला असेल असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. वस्तीच्या विहिरीचा मला कोण अभिमान वाटला! आमचे सर मोठे सबुरीचे. त्यांनी सगळे निकाल शेजारी शेजारी मांडले, चष्मा वर केला आणि विचारलं, "सुजाता, ही विहीर आहे की दवाखान्यातलं सलाईन?" मी काहीबाही बोलले. मग त्यांनी जडपणाच्या, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या, आकड्यावर बोट ठेवलं. आमच्या खडकातलं पाणी जड, पहिल्या बाटलीत ते तसं होतंच. पावसानं ते थोडं हलकं झालं असतं, पण पुढच्या बाटल्यांत होतं इतकं कसं होईल? उत्तर त्यांनी माझ्यावरच सोडलं. आणि मला एकदम आमच्या चुलीवरचं पाणी तापवायचं पातेलं आठवलं, त्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर आठवला. उकळलं की जडपणा खाली बसतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. सर म्हणाले, जा, घरी जाऊन ये, मुदत मी वाढवून घेतो. दुसरा कोणी असता तर त्यानं मला चोर ठरवलं असतं. माझ्या आयुष्यात जी मोजकी माणसं वेळेवर भेटली त्यांत ते पहिले, हे मी आजही कुठंही सांगायला तयार आहे.

फाट्यावर उतरले तर वस्तीतून बातमी आली की शेजारच्या शांताचं लेकरू हिंगोलीला दवाखान्यात आहे. हगवणीनं पार सुकून गेलं होतं, सलाईन लावलं होतं. घरी आत्या चुलीपाशीच होती. मी सरळ विचारलं, आत्या, बाटलीत भरायच्या आधी पाण्याला काय करायचीस? तिनं लपवलं नाही. लपवायचं काय होतं त्यात तिच्या लेखी! मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं: पहाटेच पाणी काढायचं, आबांच्या धुतल्या धोतरानं गाळायचं, तुरटी फिरवायची, निवळलं की उकळी आणायची, थंड करून मग बाटलीत. मी डोक्याला हात लावला. ती गोंधळली.

"काहून गं? तू म्हनलीस साहेब लोक बघणार हायेत. आपल्या हिरीचं पाणी शहरात चाललंय, ते काय तसंच पाठवू? घरी पाव्हणा आला तर गाळल्याबिगर देतो का आपण?"

चिडायचं मनात होतं, पण चिडायला तोंड कुठं होतं? त्या विहिरीतून तिनं पाट्या वाहिल्या होत्या. तिला ती विहीर चार लोकांत नीटनेटकी जायला हवी होती, लेकरू शाळेत पाठवताना भांग पाडून देतात तशी. नोकरीत पुढं कित्येक गावांत मी हे बघितलं. तपासणीला कोणी येणार म्हटलं की टाकी घासली जाते, नळाला फडकं बांधलं जातं, आणि नमुना असा येतो की साहेब खूश. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच सांगत आले, की निकाल फार चांगला आला तर आधी त्या घरची चूल बघून या. त्यांना वाटायचं मॅडम विनोद करतात.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाटल्या भरल्या. आमच्या विहिरीची एक, गावच्या विहिरीची एक. बर्फात घालून औरंगाबादला नेल्या, निकाल लागेपर्यंत तिथंच थांबले. गावच्या विहिरीचं पाणी ठीक निघालं. आमच्या विहिरीचं पहिल्यापेक्षा वाईट. आणि का, हेही आता कळत होतं. आबांनी संडासांचे सगळे खड्डे वरून बंदिस्त, चिरेबंदी बांधले होते, पण बूड मोकळं ठेवलं होतं, पाणी जिरावं म्हणून. सगळेच गवंडी तसंच करत. खाली मुरूम आणि भेगाळलेला खडक. पावसात त्या भेगांतून सगळं उताराला, म्हणजे विहिरीत. हे वस्तीला सांगायचं होतं. विहिरीचं पाणी पिऊ नका, असं त्या लोकांना सांगायचं होतं ज्यांनी ती खडक फोडून काढली. गावच्या विहिरीवर जा, असं आत्याला सांगायचं होतं. आणि हे तुमच्या हातच्या कामानं झालं, असं आबांना. बसमध्ये मी एकदा ठरवलं की नुसता प्रबंध लिहून मोकळं व्हावं. मग शांताचं लेकरू डोळ्यांपुढं आलं.

रविवारी सकाळच्या वंदनेनंतर मी विहारात उभी राहिले. समोर सगळे, आबा भिंतीला टेकून, आत्या बायांत पुढं. मी जंतूंचं सांगितलं, शांताच्या लेकराचं सांगितलं, गावच्या विहिरीचं पाणी तपासून आणलंय तेही सांगितलं. उकळून पिणं हा एक उपाय होताच, आत्यानं तो नकळत सिद्धही करून दाखवला होता. पण घरोघर रोज तेवढं सरपण कुठून आणणार? जोवर विहीर उपसून साफ होत नाही तोवर पिण्याचं पाणी वरून आणावं लागेल, असं म्हणाले आणि पुढं माझी जीभ अडली. पाणी कशानं नासलं ते अजून बोलले नव्हते. लोक कुजबुजायला लागले. एकजण म्हणाला, इतकी वर्षं पिलो, मेलो का आमी? दुसरा म्हणाला, शिकलेल्या पोरी अशाच बोलतात, म्हंजे आता पुन्हा त्यांच्या हिरीवर घागरी घेऊन उभं राहायचं व्हय? आत्या मान खाली घालून लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती. मी आबांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. आयुष्यभर पाणी उताराला जातं हे धरून ओटे बांधलेला माणूस तो. मी न सांगितलेलं त्यांना कळलं होतं. ते उठले.

"तिला पुढं बोलवना, म्हून मी सांगतो. वरच्या अंगाचे खड्डे सगळे माह्या हातचे हायेत. त्यांचंच पाणी हिरीत उतरून राहिलं. पोरगी खरं सांगून राहिली. उद्या सकाळी पयला माहा बुजवतो, मग एकेकाचा."

आबा खाली बसले. ज्या माणसानं माझ्यासाठी ते बांधलं, त्यानंच माझी बाजू घेऊन ते मोडायला काढलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे डोळे भरून येतात, त्याला इलाज नाही. मी पुढं जे काही झाले, नोकरी, बढत्या, निरोपाचे हार, ते सगळं त्या विहारातल्या एका उठण्यावर उभं आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच पहार घेतली. कमळाची नक्षी मात्र आईनं फोडू दिली नाही, ती अजून आमच्या मागच्या भिंतीत बसवलेली आहे. खड्डे बुजले, पुढं माझ्या आराखड्यानं, विहिरीच्या खालच्या अंगाला, ओढ्यापासूनही लांब, नवे बांधले गेले. तेही आबांनीच बांधले, आणि या वेळी दर थराला मला विचारून. विहीर दोनदा उपसली, जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिचं पाणी पुन्हा पिण्यालायक झालं. प्रबंध उशिरा झाला, पण झाला. मला वाटतं मी इंजिनिअर कॉलेजात झाले नाही, त्या पावसाळ्यात झाले.

पण आत्याचं राहिलं. विहारातून ती कोणाशी न बोलता घरी आली, जेवली नाही, चुलीकडं तोंड करून बसून राहिली. रहाट बंद होता, त्यामुळं घर भलतंच शांत वाटत होतं. आई म्हणाली, तिला काही बोलू नको. मी ठरवलं होतं की तिच्या वाटचं पाणी मीच वरून आणीन, तिनं हयातभर पाळलेलं मी मोडायला लावणार नव्हते. सोमवारी सकाळी आबा मागं पहार चालवत होते, मी घागर उचलली, तर आत्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली. तिनं पेटीतलं जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं नेसलं होतं, केस चापून बांधले होते. चल, म्हणाली. चढावर तिला दम लागत होता, पण मला घागर धरू दिली नाही. गावच्या विहिरीवर चार-पाच बाया होत्या. आत्या लांब उभी राहिली नाही. सरळ काठाशी गेली, दोर हातात घेतला आणि पोहरा सोडला. पाटलाच्या घरची थोरली सून तिथं होती, वयानं आत्याएवढीच. ती या गावात नांदायला आली तेव्हापासून दोघी एकमेकींना ओळखत असणार. ती हळू आवाजात म्हणाली, गयाबाई, आज हिकडं कशा?

आत्यानं पोहरा वर ओढला, घागरीत ओतला, पदरानं हात पुसले.

"आमच्या हिरीचं काम चालू हाय. ही माही भाची, पाण्याची इंजनेर हाय. तिनं सांगितलं म्हून आले. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर आले नसते."

मग घागर तिनं माझ्या डोक्यावर ठेवली, आणि आम्ही दोघी उतार उतरून घरी आलो.